सोल प्लाइकी: पत्रकार म्हणायचं की पुढारी, आणि 'हरलेला माणूस' असं लिहायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही पत्रकारितेत एमए करताय, सेमिनारला दक्षिण आफ्रिकेतला सोल प्लाइकी हा विषय वाट्याला आलाय, सरांनी शीर्षकात 'आद्य पत्रकार' घातलंय, आणि वाचायला बसलात तर जिकडे बघावं तिकडे अपयशच. पेपर काढले ते बंद पडले, लंडनला दोनदा शिष्टमंडळ गेलं ते हात हलवत परत आलं, आणि आफ्रिकन लोकांच्या जमिनीवर बंदी घालणाऱ्या ज्या कायद्याविरुद्ध हा माणूस लढत राहिला तो कायदा त्याच्या मृत्यूनंतरही जवळपास साठ वर्षं टिकला. मग याला पत्रकार म्हणायचं की राजकारणी, आणि हरलेल्या माणसाला आद्य वगैरे म्हणणं उगाच कौतुक होत नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या गावाहून साप्ताहिक चालवलं, आता पत्रकारितेच्या मुलांना वृत्तपत्रांचा इतिहास शिकवते, प्लाइकी दरवर्षी शिकवायला असतो आणि दरवर्षी वर्गातून कुणी ना कुणी हेच विचारतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सवडीने वाचा.

तुम्ही कुणापुढे आणि किती वेळ बोलणार यावर बरंच अवलंबून आहे. इतिहासाचे प्राध्यापक परीक्षक असतील तर तिकडच्या आफ्रिकन काँग्रेसची स्थापना, शिष्टमंडळं, ब्रिटिश सरकारचं धोरण याला जास्त जागा द्यावी लागेल. पत्रकारितेचाच विभाग असेल तर त्याचे पेपर आणि १९१३ सालचं रिपोर्टिंग मधोमध ठेवा. पंधरा-वीस मिनिटंच मिळणार असतील तर जन्म ते मृत्यू सांगायच्या भानगडीत पडू नका, एक वर्ष धरा आणि त्या वर्षातून माणूस दाखवा. मी पुढे जे लिहितेय ते पत्रकारितेचा विभाग धरून लिहितेय.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की तुम्ही त्याचं आयुष्य शेवटाकडून वाचताय. कायदा राहिला म्हणजे माणूस हरला, हा हिशोब पुढाऱ्याला कदाचित लागू पडेल, पण बातमीदाराला लावून कसं चालेल? बातमीदाराचं बघायचं ते हे की त्याने जे लिहून ठेवलं ते खरं होतं का, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं का, आणि नंतर ते कुणाच्या उपयोगी पडलं का. या तीन गोष्टी धरून बघितलं तर पत्रकार की राजकारणी हा प्रश्नही बराचसा सुटतो, कारण मुळात या माणसाचा धंदा पहिल्यापासून एकच होता, एकाची साक्ष दुसऱ्याच्या भाषेत, त्यात काहीही न घालता न गाळता, पोचवणं. आणि हा धंदा तो पेपरच्या ऑफिसात शिकलेला नाही, कोर्टात शिकला.

आधी नावाचं सांगते. स्पेलिंग बघून मराठीत कुणी प्लाटजे लिहितं कुणी प्लात्जे, पण उच्चार प्लाइकीच्या जवळ जातो, बोलताना तेवढं सांभाळा. पूर्ण नाव सॉलोमन त्शेकिशो प्लाइकी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, ऑरेंज फ्री स्टेटमधल्या बोशॉफ गावाजवळ, घराणं बारोलाँग म्हणजे त्स्वाना लोकांपैकी. वाढला किंबर्लीजवळच्या प्नीएल इथल्या जर्मन मिशनवर, शाळेतलं रीतसर शिक्षण जेमतेम प्राथमिक, बाकीचं काही मिशनरी बाईंनी घरी शिकवलं आणि काही त्याचं त्याने मिळवलं. १८९४ ला किंबर्लीच्या पोस्टात तारा आणि निरोप पोचवणारा म्हणून लागला. किंबर्ली म्हणजे हिऱ्यांच्या खाणींचं गाव, तिथे दक्षिण आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातून लोक कामाला आलेले, त्यामुळे भाषा कानावर पडतील तेवढ्या थोड्या. इंग्रजी, डच, जर्मन आणि आफ्रिकन भाषा धरून आठेक भाषा त्याला येत होत्या.

इथेच त्याला एलिझाबेथ म्बेले भेटली. ती खोसा बोलणाऱ्या घरातली, तो त्स्वाना, आणि दोन्ही घरांचा विरोध. त्याने नंतर एका लेखात हे फार छान सांगितलंय, की माझ्या लोकांना पसंत नव्हतं कारण मुलीच्या भाषेत टाळूवर जीभ वाजवून काढायचे आवाज आहेत, आणि तिच्या लोकांना पसंत नव्हतं कारण मुलाच्या भाषेत ते आवाजच नाहीत, असली अर्धवट भाषा बोलणाऱ्याला मुलगी कशी द्यायची. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली ती इंग्रजीत, आणि १८९८ ला लग्न केलं. जातीबाहेरच्या लग्नाला घरून काय ऐकावं लागतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी तो माफेकिंगला मॅजिस्ट्रेट चार्ल्स बेलच्या कोर्टात दुभाषी आणि कारकून म्हणून गेला. सेमिनारमधे या टप्प्यावर थांबा, बहुतेक जण दोन ओळींत उरकतात आणि तिथेच माणूस निसटतो. डोळ्यांसमोर आणा, आरोपी त्स्वाना बोलतोय, फिर्यादी शेतकरी डच बोलतोय, मॅजिस्ट्रेटला इंग्रजीत हवंय, आणि मधे हा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. आरोपी जे म्हणाला त्यातला एखादा शब्द ढिला पडला तर माणूस आत जातो. पुढे त्याने कोर्टातल्या दुभाष्याच्या कामावर एक निबंध लिहून ठेवला, हयातीत तो छापला गेला नाही, पण त्यातला आग्रह हाच की अर्धी भाषा येणारा दुभाषी कोर्टात उभा करणं म्हणजे निरपराध माणसाच्या गळ्याशी खेळणं. तालुक्याच्या कोर्टाच्या बातम्या मी स्वतः करायचे, साक्षीदार बोलतो एक, रेकॉर्डवर येतं भलतंच, आणि पेपरात छापून येतं तिसरं, हे मी व्हरांड्यात उभं राहून बघितलंय. त्यामुळे हा निबंध वाचल्यावर मला त्याच्या पुढच्या सगळ्या लिखाणाची किल्ली सापडल्यासारखं झालं.

मग बोअर युद्ध, म्हणजे डच वंशाचे बोअर आणि ब्रिटिश यांच्यातलं. ऑक्टोबर १८९९ ते मे १९००, २१७ दिवस माफेकिंगला बोअरांचा वेढा. जगाच्या पेपरांत गाव लढवणारा ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल हिरो झाला, शेकडो लेख छापून आले, पण गावातले बारोलाँग लोकही लढत होते, त्यांचं रेशन वेगळं आणि कमी होतं, उपासमार त्यांच्याच वस्तीत झाली, हे त्या लेखांत शोधावं लागतं. प्लाइकी तेव्हा कोर्टाचं काम करून इंग्रज बातमीदारांचे मजकूर टाइप करून द्यायचा आणि स्वतःची डायरी लिहायचा, इंग्रजीतच पण मधे मधे डच, त्स्वाना, खोसा. ती डायरी १९६९ ला माफेकिंगच्या एका कुटुंबाकडे सापडली आणि १९७३ ला छापून आली, म्हणजे तो वारल्यावर चाळीसएक वर्षांनी. वेढ्याची आफ्रिकन माणसाच्या हातची डायरी म्हणून आजही ती एकमेव मानतात.

आता पेपर. १९०१ ला माफेकिंगहून 'कोरान्टा इआ बेकोआना' सुरू झाला, त्स्वाना आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, पुढच्या वर्षी प्लाइकी सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ संपादक झाला. मिशनऱ्यांची त्स्वाना पत्रं आधीपासून होती, पण हा पेपर आफ्रिकन लोकांच्या मालकीचा, आफ्रिकन संपादकाचा. मागे पैसा बारोलाँगांपैकी सायलस मोलेमा या मोठ्या असामीचा. पेपर चालला काही वर्षं, कर्ज वाढत गेलं आणि पाच-सहा वर्षांत धुगधुगी संपली. १९१० ला किंबर्लीला 'त्साला इआ बेकोआना' म्हणजे बेचुआनांचा (त्स्वाना लोकांचा) मित्र, १९१२ ला तोच 'त्साला इआ बाथो' झाला म्हणजे लोकांचा मित्र, एका जमातीपुरता न राहता सगळ्यांचा, मजकुरातही आणखी भाषा आल्या. तोही १९१५ पर्यंतच टिकला.

तुम्ही याला अपयश म्हणता, तर साप्ताहिक चालवलेल्या माणसाकडून ऐका. छोटा पेपर कसा मरतो ते मला माहीत आहे. वर्गणीदार अंक घेतो पण वर्गणी थकवतो, आणि त्याला अंक बंद करावा तर तो आपलाच माणूस असतो. जाहिरात ज्याच्याकडे आहे त्याच्याविरुद्ध लिहायची वेळ आली की जाहिरात जाते. आमचं तर दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर निम्मं वर्ष निघायचं, तरी कागदाचं बिल थकलेलंच. आता हेच प्लाइकीच्या बाबतीत बघा, वाचता येणारे लोक मुळात कमी, मिशनच्या शाळेत गेलेले तेवढेच, तेही शेकडो मैलांत विखुरलेले, मजुरी करणारे, आणि जाहिराती देऊ शकणारे दुकानदार बहुतेक गोरे. अशा ठिकाणी पेपर एक वर्ष निघाला तरी मी त्याला सलाम करेन. आपल्याकडे बाबासाहेबांचा 'मूकनायक' १९२० ला निघाला आणि १९२३ ला बंद पडला, म्हणून त्याला कुणी फसलेला पेपर म्हणतं का? बंद पडणं हे पैशाचं झालं. पेपरने काय केलं ते अंकांतूनच बघावं लागतं. माणसाचा जीव या कामात किती होता यासाठी एकच गोष्ट सांगते, १९१२ ला मुलगा झाला त्याचं नाव त्याने योहानेस गुटेनबर्ग ठेवलं, छपाईचे खिळे ज्याने आणले त्याचं. ते मूल १९१४ च्या सुरुवातीला गेलं.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात असं, की कोर्टात साक्ष जशीच्या तशी पोचवायची सवय लागली, वेढ्यात ती डायरीत उतरली, पेपरात ती सगळ्या समाजासाठी वापरली. आता ती राजकारणात कशी गेली ते.

८ जानेवारी १९१२ ला ब्लूमफाँटेनला साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस स्थापन झाली, हीच १९२३ पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. अध्यक्ष जॉन डुबे, तेही संपादक, नाताळमधे 'इलांगा' हा झुलू पेपर त्यांचा. प्लाइकी पहिला सरचिटणीस. त्याला का घेतलं याचं उत्तर सोपं आहे, वेगवेगळ्या जमातींच्या संघटनेला सगळ्यांच्या भाषेत पत्रव्यवहार करणारा, सरकारला इंग्रजी-डचमधे निवेदन लिहिणारा आणि हाताशी पेपर असणारा माणूस हवा होता. म्हणजे त्याला राजकारणात आणलं ते त्याच्या पत्रकारितेने. (मराठी श्रोत्यांसाठी एक संदर्भ हवा असेल तर, त्याच वर्षाअखेरीस आपले गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते, आणि गांधीजींबरोबर ते डुबेंच्या ओह्लांगे इथल्या शाळेत जाऊन आले. पण यापलीकडे ओढून ताणून संबंध जोडू नका.)

आणि मग १९१३. तुमचा सेमिनार याच वर्षावर उभा करा असं माझं मत आहे. नेटिव्ह्ज लँड ॲक्ट १९ जूनला लागू झाला. कायद्याने देशाची साधारण ७ टक्के जमीन आफ्रिकन लोकांसाठी म्हणून आखून दिली, तिच्याबाहेर त्यांना जमीन विकत घ्यायची किंवा खंडाने धरायची बंदी. पण खरा घाव बटाईवर होता. फ्री स्टेटमधे हजारो आफ्रिकन कुटुंबं स्वतःचे बैल, नांगर, बियाणं घेऊन गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसत होती आणि त्यांचं बरं चाललं होतं, कायद्याने तो व्यवहारच बेकायदा केला. म्हणजे आता एकतर मालकाचा गडी होऊन राहा, बैलांसकट, नाहीतर चालू लागा. अर्धेली काय असते हे तुमच्या वर्गातल्या खेड्यातून आलेल्या मुलांना लगेच कळेल, शहरातल्यांना दोन वाक्यांत समजावून सांगा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. कायदा किती मोठा आहे हे गांधीजींच्या 'इंडियन ओपिनियन'नेही त्याच ऑगस्टमधे लिहिलं होतं, की या प्रश्नापुढे बाकी सगळे प्रश्न, हिंदी लोकांचासुद्धा, फिके पडतात.

प्लाइकीने काय केलं? ऑफिसात बसून अग्रलेख लिहिता आला असता, लिहिलेही. पण जुलैमधे तो सायकल घेऊन निघाला आणि व्हाल नदीच्या काठाने, फ्री स्टेटच्या रस्त्यांवर, गुरंढोरं घेऊन भटकणाऱ्या कुटुंबांना गाठून विचारत सुटला. दक्षिण गोलार्धातला जुलै म्हणजे ऐन हिवाळा. त्याच साली पासच्या, म्हणजे आफ्रिकन माणसाने जवळ बाळगायच्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध उठलेल्या ब्लूमफाँटेनच्या बायकांना तुरुंगात टाकलं तेव्हा त्यांना क्रूनस्टाडच्या तुरुंगात जाऊन भेटला आणि पेपरात लिहिलं. हे सगळं पुढे १९१६ ला 'नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका' या पुस्तकात आलं. त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी उद्धृत केलेलं दिसेल, की शुक्रवार २० जून १९१३ च्या सकाळी दक्षिण आफ्रिकेतला नेटिव्ह जागा झाला तेव्हा तो अगदी गुलाम नसला तरी स्वतःच्या जन्मभूमीत बहिष्कृत झालेला होता. वाक्य जबरदस्त आहेच, पण तुम्ही तिथेच थांबू नका. मी वर्गात नेहमी पुढचा एक प्रसंग वाचून घेते, त्यावर जरा थांबते.

कोबाडी नावाचा एक बटाईदार. प्लाइकी आधी पैशाचं सांगतो, की हा माणूस वर्षाला शंभर पौंडांच्या वर कमवत होता, शिवाय बायकोची आणि बैलांची मेहनत त्याची स्वतःची. मालकाने नवीन अट घातली ती महिना तीस शिलिंग, त्यात तो, बायको आणि बैल सगळ्यांची मेहनत मालकाची. आकडे करून बघा, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे वर्षाचे अठरा पौंड. त्याने नकार दिला. मालकाने डच भाषेत चिठ्ठी लिहून दिली, तारीख ३० जून १९१३, की आज सूर्य मावळायच्या आत शेत सोड, नाहीतर जनावरं कोंडवाड्यात जातील आणि तुला घुसखोरी म्हणून पोलिसात देऊ. मग रस्ता. शेळ्या व्यायला झालेल्या, करडं जन्मतात तशी थंडीने मरतात, रस्त्याच्या कडेला कोल्ह्या-गिधाडांना टाकून पुढे जायचं. बायकोच्या कडेवर आजारी तान्हं मूल, ते दोन दिवसांत खचलं आणि गेलं. आता पुरायचं कुठे? जिथे उभे आहेत ती जमीन कुणाच्या तरी मालकीची, थांबायलासुद्धा परवानगी नाही. रात्री अंधारात, कुणी बघणार नाही असं बघून, घाबरत घाबरत खड्डा खणला आणि मूल पुरलं. प्लाइकी त्याला चोरलेली कबर म्हणतो, आणि लिहितो की फाशी गेलेल्या गुन्हेगारालाही सहा फूट जमिनीचा हक्क असतो.

आता पत्रकार म्हणून ही बातमी कशी बांधलीय ते बघा. त्याने रडारड आधी नाही आणली. आधी उत्पन्न, मग मालकाची ऑफर, मग चिठ्ठी, तिची भाषा, तिची तारीख. म्हणजे कोर्टात जसे कागद आधी दाखल करतात तसे. वाचणारा इंग्रज साहेब असेल तर त्याला पहिल्या अर्ध्या पानात हरकत घ्यायला जागाच नाही, आणि तोवर तो मूल पुरायच्या जागेपर्यंत येऊन पोचलेला असतो. पुस्तकात इतर ठिकाणीही हेच, पार्लमेंटमधली भाषणं पानंच्या पानं तशीच्या तशी छापलीत, मंत्री काय म्हणाला, विरोधी काय म्हणाला, कारण पुढे कुणी आम्ही असं म्हणालोच नव्हतो म्हणायला नको. हल्लीच्या मुलांना ती पानं कंटाळवाणी वाटतात, पण माझ्या मते बातमीदाराचा जीव त्याच पानांत आहे.

लंडनच्या शिष्टमंडळाचं फार लांबवू नका. मे १९१४ ला डुबे, प्लाइकी आणि आणखी तिघे निघाले, वसाहत मंत्री हार्कोर्टने ऐकून घेतलं आणि काही केलं नाही, ऑगस्टमधे महायुद्ध सुरू झालं, बाकीचे परत गेले. प्लाइकी १९१७ पर्यंत राहिला, व्याख्यानं दिली तीनशेहून अधिक, पैसे नसताना पुस्तक पुरं केलं. ज्या हितचिंतक संस्थेकडून मदतीची अपेक्षा होती तिचाच सेक्रेटरी त्याने गप्प राहावं म्हणून खटपटीत होता, हे विसरू नका, आपल्या बाजूचे म्हणवणारे लोक कसं वागतात ते त्यात दिसतं. याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डॅनियल जोन्सबरोबर त्याने त्स्वाना उच्चारांचं पुस्तक केलं, आणि सातशेहून जास्त त्स्वाना म्हणी गोळा करून छापल्या. १९१९ च्या दुसऱ्या शिष्टमंडळात त्याने पंतप्रधान लॉइड जॉर्जपुढे बाजू मांडली, ती इतकी मुद्देसूद होती की लॉइड जॉर्जने दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांना पत्र लिहिलं. निष्पन्न काही झालं नाही. मग कॅनडा, अमेरिका, तिथे १९२१ ला काळ्या अमेरिकनांचे पुढारी-लेखक ड्यू बॉइस यांच्या मदतीने पुस्तकाची अमेरिकन आवृत्ती. तो तिकडे असतानाच मायदेशी मुलगी ऑलिव्ह वारली. एलिझाबेथने ही सगळी वर्षं किंबर्लीला घर कसं चालवलं असेल, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं, चरित्रांत ती दोन ओळींत येते आणि मला ते दरवेळी खटकतं.

आता उलट बाजू, ती लपवू नका. प्लाइकीचा ब्रिटिश साम्राज्यावर विश्वास होता, खूप वर्षं होता. १९०२ ला त्याने स्वतःच्या पेपरात लिहिलं की आम्हाला गोऱ्यांशी सामाजिक बरोबरी नको, राजनिष्ठ प्रजा म्हणून राजकीय हक्क द्या. आज वाचताना हे टोचतं. पण तो केप वसाहतीत होता, तिथे मिळकत आणि शिक्षणाच्या अटीवर आफ्रिकन माणसाला मत होतं, म्हणजे त्याच्यापुढे हक्क मिळाल्याचं जिवंत उदाहरण होतं आणि ते सगळीकडे पसरेल अशी आशा होती. १९१८ ला डी बियर्स या हिऱ्यांच्या खाणवाल्या कंपनीकडून किंबर्लीत हॉलसाठी जागा मिळवली, पुढे डाव्या विचाराच्या लोकांपासून लांब राहिला. परीक्षकांनी यावर विचारलं तर सरळ हो म्हणा आणि कारण सांगा, त्याला आजच्या मापाचा क्रांतिकारक करायला जाऊ नका, त्याची गरजही नाही.

शेवटची वर्षं भराभर सांगता येतील. १९२३ ला लंडनला 'न्कोसी सिकेलेल आय आफ्रिका' या गीताचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याच्या आवाजात झालं. परत आल्यावर सिनेमाचं प्रोजेक्टर घेऊन गावोगाव शिक्षणाचे चित्रपट दाखवत हिंडला. १९३० ला 'म्हुडी' छापून आली, दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लेखकाची पहिली इंग्रजी कादंबरी, लिहून झाल्यावर दहाएक वर्षं प्रकाशकाविना पडून होती. त्याच साली शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'चा त्स्वाना अनुवाद आला. १९ जून १९३२ ला न्यूमोनियाने जोहान्सबर्गला वारला, ५५ वर्षांचा होता, किंबर्लीला पुरलं.

आता तुमचा 'हरला' हा मुद्दा. लँड ॲक्ट १९९१ ला रद्द झाला. त्यानंतर नवीन राज्यघटना आली, आणि तिच्या २५ व्या कलमात लिहिलंय की १९ जून १९१३ नंतर वंशभेदी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांना ती परत मिळण्याचा किंवा भरपाईचा हक्क आहे. तारीख बघा. अख्ख्या देशाच्या जमीन परत देण्याच्या व्यवहाराची सुरुवात त्या तारखेपासून धरलीय. ही तारीख घटनेत प्लाइकीने घातली असं मी म्हणत नाही, तसं तुम्हीही लिहू नका. पण त्या आठवड्यांत रस्त्यावर काय घडलं, कुणाला काय चिठ्ठी मिळाली, कुणाची किती जनावरं मेली, हे भोगणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत तपशीलवार लिहिलं गेलं ते याच माणसाकडून, आणि ते भटके लोक स्वतः काही लिहून ठेवू शकणार नव्हते. मी वर तीन गोष्टी म्हणाले होते, त्या इथे लावून बघा.

त्यामुळे पत्रकार की राजकारणी याचं माझं उत्तर पत्रकार, आणि राजकारणात तो गेला तो साक्ष नेऊन पोचवायची जागा तिकडे होती म्हणून. याच्याशी मतभेद असणारे आहेत, ते म्हणतील सरचिटणीसपद, शिष्टमंडळं, पंतप्रधानांची भेट हे सगळं राजकारणच. तुम्हाला पटेल ती बाजू घ्या पण १९१३ चं लिखाण वाचून घ्या. आणखी एक आधार देते, १९१७ ला परत आल्यावर त्याला काँग्रेसचं अध्यक्षपद देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही.

तयारीचं म्हणाल तर पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं, कॉपीराइट कधीच संपलाय. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, घाबरू नका, पहिली पाच-सहा प्रकरणं वाचा, त्यात कोबाडीचा प्रसंग येतो. तो भाग स्वतः मराठीत करा, सेमिनारमधे वाचून दाखवा, पीपीटीवर फोटो वगैरे नंतर. मराठीत करताना आकडे, तारीख आणि त्या चिठ्ठीतली धमकी जशीच्या तशी ठेवा, मधे स्वतःची विशेषणं घालू नका. नकाशावर किंबर्ली, माफेकिंग, ब्लूमफाँटेन आणि व्हाल नदी एवढंच दाखवा. अनुवाद झाला की इथेच टाका, मी मूळ पानं समोर ठेवून तपासून देईन.